शिवाप्पाअण्णांची सिस्टीम

शिवाप्पाअण्णा सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. त्याला काही सांगायचं झालं की ते त्याला पैसे पाठवतात.

उमरग्यात हायवेलगत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारी अण्णांचं पेंडीचं दुकान, आणि त्याला भिंत लावून त्यांच्या धाकट्या भावाचं, बसवराजचं, किराणा दुकान. मधली भिंत इतकी पातळ की इकडं कुणी शिंकलं तर तिकडचं गिऱ्हाईक दचकतं. तरीही भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचाराल तर फेटा. बसवराजच्या मुलीच्या लग्नात फेटा आधी नवऱ्याच्या मामाला बांधला गेला आणि मुलीच्या थोरल्या चुलत्याला, म्हणजे अण्णांना, मागाहून विचारलं. अण्णांनी तो बांधूनच घेतला नाही, ते सगळं लग्न बोडक्या डोक्यानं बसले. जेवण मात्र सोडलं नाही. राग भावावर होता, बुंदीवर नव्हता.

पुढं दोन्ही दुकानांत पैसे आल्याचं ओरडून सांगणारे साऊंडबॉक्स आले. चहावाला दोघांचा चहा अण्णांकडंच ठेवून जायचा. एकदा चहा गार व्हायला लागला, बसवराज येईना आणि अण्णांना हाक मारता येईना. अण्णांनी चिडून त्याला मोबाईलवरून एक रुपया पाठवला. भिंतीपलीकडं बॉक्स ओरडला, ‘एक रुपया प्राप्त झाला.’ बसवराज बाहेर आला, चहा उचलला आणि आत गेला. त्या दिवशी अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी पेंडीला भाव आल्यावरही पाहिलेलं नाही.

“सिस्टीम बसली,” ते म्हणाले.

बाकीचा करार माझ्या दुकानात झाला. दोघं समोरासमोर उभे, आणि दोघंही माझ्याकडं बघून बोलत होते.

“त्येला सांगा, दोन म्हंजी गिऱ्हाईक हुभं हाय, गल्ल्यावर ये.”

“कळलं म्हनावं.”

“पाच म्हंजी म्या भाईर चाललो, माज्या दुकानाकडं बघ. सात म्हंजी वर्गणीवाले आले, शटर वड.”

“सात जरा लवकर पाठवत जा म्हनावं. न्हाईतर वर्गणीवाले आन् अण्णांचा निरोप संगंच यायचे.”

मी दोघांच्या मधे टेलिफोनच्या तारेसारखा उभा होतो. झेरॉक्स काढायला आलेला एक जण कंटाळून निघून गेला. माझं ते नुकसान दोघांपैकी कुणी भरून दिलं नाही.

तेव्हापासून तेच पाच-सात रुपये दिवसभर भिंतीच्या अलीकडून पलीकडं हिंडू लागले. अण्णांना याचा भारी अभिमान. “ह्या बॉक्सची कंपनी येगळी, त्या बॉक्सची येगळी,” ते येईल त्याला सांगत. “दोगी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत्यात. पन पैसा आडवत न्हाईत. हिकडचा तिकडं जाऊ देत्यात. ह्येला म्हनत्यात सिस्टीम.”

“मग तुम्ही दोघं भाऊ बोलणं का अडवून बसलाय?” मी एकदा विचारलं.

“कंपन्यांच्या घरात लग्नं हुत न्हाईत,” अण्णा म्हणाले.

सिस्टीममध्ये एकच खोट होती. खरी गिऱ्हाइकंही पैसे देतात, हे दोघांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका ट्रक ड्रायव्हरनं बसवराजकडून पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेतला. बॉक्स ओरडताच बसवराज त्याला तसाच सोडून अण्णांच्या दुकानात जाऊन बसला. अण्णा तिथंच होते. दोघं कितीतरी वेळ समोरासमोर बसून राहिले. ‘तू का आलास’ हे विचारायला आकडा नव्हता. तोवर ड्रायव्हर दुसरा पुडा फोडून खात होता.

मग एका गुरुजींनी सात रुपयांचं जिरं घेतलं. बसवराजनं तत्परतेनं आतून शटर ओढलं आणि गुरुजीही त्याच्याबरोबर कोंडले गेले. बाहेरून अण्णा शटर बडवत होते, पण हाक मारत नव्हते. शेवटी मीच ओरडलो, ‘वर्गणीवाले नाहीत, उघडा!’ तेव्हापासून बसवराजकडं पाचाचं बिस्कीट एकटं मिळत नाही, दोन घ्यावी लागतात. सातचं जिरं तर कायमचं बंद झालं. गिऱ्हाइकं कुरकुरली की अण्णा आपल्या दुकानातून सुनावत, “सिस्टीमला तरास देऊ नगा.”

गेल्या थंडीत एका सकाळी बसवराजचं दुकान उघडलंच नाही. रात्री छातीत दुखलं म्हणून मुलानं त्याला सोलापूरला नेलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन होतं. अण्णा आले, पेंडीच्या पोत्यांकडं न बघता माझ्या बाकावर बसले. हातात मोबाईल होता.

“झेरॉक्सवाले, ह्येला आकडा ठरला न्हाय.”

“कशाला?”

“बसूच्या छातीला.”

मी म्हटलं, “फोन लावा.”

“पयलं कोन बोलनार?”

मला रागच आला. तिकडं भाऊ ऑपरेशनच्या टेबलावर जायला निघालाय आणि हे मानपान मोजत बसलेत. मी त्यांच्याच हातातला मोबाईल घेऊन नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि परत त्यांच्या हातात कोंबला.

“हॅलो,” बसवराजचा आवाज आला. खोल आणि बारीक.

अण्णांचा अंगठा लाल बटणाकडं गेला. मला वाटलं, आता फोन ठेवतात.

“जेवलास का?” अण्णा म्हणाले.

बसवराज म्हणाला, “उपाशी ठिवलंय, अण्णा. आपरेशन हाय नव्हं.”

“भ्या वाटतंय का?”

“वाटतंय.”

“मग म्या बी जेवत न्हाय. तू जेवल्यावर जेवतो.”

“तुमाला साखर हाय, अण्णा. आसलं काय करू नगा.”

“ते म्या बघतो. तू डॉक्टर म्हनतील तसं कर.”

त्यानंतर फोन कुणीच ठेवला नाही. नर्सचा आवाज आला, मग फोन तिकडूनच बंद झाला. मी उगाचच मशीनमधले कागद नीट करत राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते अण्णांना दाखवायचे नव्हते.

दुपार कलल्यावर पुतण्याचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, बाबा शुद्धीवर आहेत म्हणाला. मी त्यांचा डबा उघडून पुढं केला. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी होती. त्यांनी भाकरीकडं एकवार बघितलं आणि झाकण परत लावलं.

“शुद्धीवर आलाय,” ते म्हणाले. “जेवलाय कुटं आजून?”