खारवलेला कोबी आणि सौजन्याचं धोरण

सोलमधली आमची कंपनी खारवलेला कोबी ऑनलाइन विकते. थंडीच्या तोंडावर घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घातली जाते, तोच आमचा हंगाम. कुणी कुणाशी कसं बोलावं हे ठरवण्यासाठी कंपनीत संवाद विभाग आहे. त्याचा प्रमुख मी, बांग.

ऐन हंगामात सर्व्हर सांभाळणाऱ्या मिन ह्येरिमने कंपनीच्या ग्रुपवर लिहिलं, "सर्व्हर दमलाय. नव्या ऑर्डरी आत्ताच्या आत्ता थांबवा, नाहीतर घेतलेल्याही पुसल्या जातील."

त्या ग्रुपवर संचालक प्योसाहेब होते. वरिष्ठांना थेट 'थांबवा'? मी निरोप उडवला आणि तिला बोलावून घेतलं.

"अगं, आधी थंडीबद्दल लिही. साहेबांच्या तब्येतीची चौकशी कर. मग हळूच विषय काढ."

"तोवर सर्व्हर मरेल हो, बांगसाहेब!"

"मरेल म्हणायचं नाही."

शेवटी मीच लिहिलं : 'थंडी वाढत आहे, साहेबांनी प्रकृतीस जपावे. सर्व्हरही अथक परिश्रम घेत आहे.'

साहेब खूश झाले. "शाब्बास!" असं त्यांनी लिहिलं. साहेब बोलल्यावर गप्प बसणं आमच्याकडे उर्मटपणा, म्हणून झाडून सगळ्यांनी "होय साहेब, आम्हीही परिश्रम घेऊ" असं कळवलं. एवढा उत्साह पाहून साहेबांनी सवलत जाहीर केली. ऑर्डरींचा पूर आला आणि सर्व्हरने मान टाकली. सगळ्या ऑर्डरी पुसल्या गेल्या.

मी संकेतस्थळावर सूचना लावली : 'आपला कोबी अधिक चांगल्या सेवेच्या दिशेने निघाला आहे.'

पहिला फोन माझ्या सासूबाईंचा.

"जावईबापू, मसाला कालवून ठेवलाय, आळीतल्या बायका हातमोजे घालून बसल्यात. कोबी येतोय की नाही?"

"आई, कोबीबाबत आम्ही आशावादी आहोत."

"आशा काय मडक्यात भरू?" त्यांनी फोन आपटला.

मग बैठक झाली. साहेब कडाडले, "मला कुणी स्पष्ट का सांगितलं नाही?"

ह्येरिम उभी राहिली. "मी सांगितलं होतं, साहेब. बांगसाहेबांनी ते बदललं."

सगळे टेबलाकडे बघू लागले. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

ह्येरिमची बदली गोदामात झाली, कोबीला मीठ चोळायला. आदेश मीच लिहिला : 'उत्पादनाशी जवळीक साधण्याची संधी.' वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आदेशात ते लिहायची पद्धत नाही.

तुम्ही तिच्या बाजूचे, हे मी जाणतो. त्या टेबलाभोवती बसलेले सगळेही तिच्याच बाजूचे होते.