गॅरेजमध्ये न दिसणारी गाडी

गाडी कशी घ्यावी हे जगात कुणालाही कळत नाही. मला कळतं! लोक काय करतात? शोरूममध्ये जातात, थंडगार हवा खातात, फुकटची कॉफी ढोसतात, दारावर टिचक्या मारतात आणि शेवटी रंग बघून गाडी घेतात. रंग! जणू गाडी नाही, पडदे घ्यायला निघालेत. मग वर्षभरात गॅरेजवाल्याच्या दारात तोंड पाडून उभे. लोक म्हणतात, अशांची कीव करावी. मला हसू येतं.

या जमातीचा म्होरक्या म्हणजे माझा मेहुणा. मी त्याला 'पॉलिश' म्हणतो, अर्थात पाठीमागे. त्याची रविवारची सकाळ बॉनेट पुसण्यात जाते. गाडी लालभडक, बुटकी, सीट फळीसारखी. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं! आणि नेमकी माझ्या आईची कंबर धरलेली. दर सोमवारी तिला फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि पॉलिश मोठ्या हौसेनं नेतो. जाताना आई कण्हते, येताना रडते. तिथे जे सरळ करतात ते परतीच्या वाटेवर पुन्हा वाकडं होतं. परवा तर ती म्हणाली, "नको रे बाबा ते डॉक्टर. मी आपली घरातच पडून राहीन."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, आता तू आपल्या गाडीतून जायचं. सोफ्यावर बसल्यासारखी!"

"अहो, माझ्या भावाला विचारा ना एकदा," बायको म्हणाली. "त्याला गाड्यांतलं कळतं."

"त्याला पुसण्यातलं कळतं!"

माझी पद्धत ऐका. गाडी घेणं सोपं, तिला पोसणं म्हणजे हत्ती पोसणं. तेव्हा कुठली गाडी चांगली हे विकणाऱ्याला विचारायचंच नाही. गॅरेजसमोर जाऊन बसायचं! जी गाडी गॅरेजमध्ये दिसतच नाही, ती उत्तम. आहे की नाही बिनतोड? आमच्या जवळच्या रस्त्यावर ओळीनं गॅरेजं आहेत. आठवडाभर सुट्टी काढून मी समोरच्या बाकावर ठाण मांडलं. पांढऱ्या गाड्या आल्या, निळ्या आल्या, धूर सोडत आल्या, ढकलत आल्या. पॉलिशच्या गाडीच्या जातीची एक लाल बुटकीसुद्धा तेल बदलायला आली. मी मनातल्या मनात सगळ्यांवर फुली मारली.

फक्त एक गाडी कधीच आत शिरली नाही. करडी, उंच, ऐसपैस, टपोऱ्या दिव्यांची. रोज त्या रस्त्यानं जायची, पण गॅरेजकडे ढुंकूनही बघायची नाही. याला म्हणतात खानदानी!

मी माग काढला. गाडी एका दाताच्या डॉक्टरांची निघाली. "विकणार का?" म्हणून विचारायचा अवकाश, त्यांनी समोरच्या पेशंटचं तोंड तसंच उघडं ठेवून किल्ली माझ्या हातात कोंबली.

"आत्ताच नेताय ना?" त्यांचा आवाज कापत होता.

फाटकापाशी त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. गाडीवर किती जीव असेल बिचारीचा! गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मागून टाळ्यांसारखं काहीतरी ऐकू आलं. मी म्हटलं, निरोप देताहेत.

सोमवारी आईला पुढच्या सीटवर बसवलं. "अगं बाई, खरंच सोफा आहे की!" ती म्हणाली. बायको मागे बसली. मी पॉलिशला मुद्दाम फोन करून सांगितलं, "आजपासून तुझी गरज नाही."

पहिल्याच चौकात गाडीनं एक उसासा टाकला आणि ती मधोमध बसली. मागून हॉर्न, पुढून हॉर्न! एकानं तर माझ्या सात पिढ्या काढल्या. बरं, गॅरेजं समोरच होती. बायको आणि दोन वाटसरू मागून ढकलताहेत, मी स्टिअरिंग धरून ऐटीत बसलोय. आम्ही गॅरेजच्या रस्त्याला वळलो आणि धडाड! पहिल्या गॅरेजचं शटर खाली. धडाड! दुसऱ्याचं. पाहता पाहता अख्खी ओळ बंद, जणू वळू सुटलाय.

शेवटच्या गॅरेजचा मालक शटरखाली अर्धा अडकला होता. मी त्याचा पाय धरला. अगदी खराखुरा.

"अहो, ही तर कधीच गॅरेजमध्ये येत नाही!" मी ओरडलो.

"येत नाही?" तो आतून खेकसला. "साहेब, आम्ही येऊ देत नाही! ही बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. एक स्क्रू मिळत नाही. तो दातवाला रोज फोनवर गयावया करायचा, आता तुम्ही आलात होय? सोडा पाय!"

बायकोनं सरळ भावाला फोन लावला. मला वाटलं, येऊन टोमणे मारेल. तेही केलं नाही मेल्यानं! आला, माझ्याकडे बघून गोड हसला, "असू दे हो भाऊजी," म्हणाला. हुक आधी रुमालानं पुसला, मग दोर बांधला आणि आम्हाला ओढत निघाला. मी मान खाली घालून स्टिअरिंग धरलं होतं. सगळा रस्ता बघत होता.

तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, काय सुरेख चालते रे ही! आवाज नाही, धूर नाही, कंबरेला एवढासासुद्धा धक्का नाही! गुणाची आहे हो गाडी."

त्या दिवशी आई फिजिओथेरपीहून हसत बाहेर आली. आणि घरी येऊन तिनं फर्मान काढलं, आता जाईन तर अशीच जाईन!

तेव्हापासून दर सोमवारी आमची वरात निघते. पुढे लाल बुटकी, मागे आमची करडी, आत सोफ्यावर आई. आराम म्हणाल तर पुरेपूर, भरवसा म्हणाल तर पॉलिशची गाडी अजून एकदाही बंद पडलेली नाही, आणि माझ्या गाडीच्या देखभालीचा खर्च म्हणजे फक्त एक दोर.

तो दोर मात्र मी स्वतः पारखून घेतलाय हं! दुकानात तासभर बसलो आणि जो दोर नेल्यावर एकही माणूस तक्रार करायला परत आला नाही, तोच घेतला.