सासऱ्यांचा ससा

लग्नानंतर पहिल्यांदा जांबोटीला सासुरवाडीस गेलो, तेव्हा सासऱ्यांना खूश करावं म्हणून मी म्हणालो, "मामा, सशाचं असं कालवण जन्मात खाल्लं नव्हतं!" (खरं तर त्या तिखटानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण नवा जावई रडतोय असं दिसू नये, म्हणून आणखी वाढून घेतलं.) तेव्हापासून नागोजीमामा आमच्याकडं रिकाम्या हातानं कधी आले नाहीत.

मी खानापुरात जंगलखात्यात कारकून. इंग्रजी अमदानी होती. त्या वर्षी सरकारनं पावसाळ्यापुरती शिकारबंदी लावली. ससा, भेकर, मोर मारायचा नाही, धरायचा नाही, विकायचा नाही. जाहीरनामा माझ्याच वळणदार अक्षरात चावडीवर लागला. आणि त्याच आठवड्यात मामा पाटी घेऊन दारात!

"जावईबापू, जिता आणलाय! ताजा खावा."

"मामा, नोकरी जाईल हो माझी!"

"सशापायी? तुमचा सायेब सशाला भितोय व्हय?"

माझ्या बायकोनं, मालूनं, पाटीवरचं फडकं सरकवून आत बघितलं आणि कालवणाचा विषय तिथंच संपला. तिनं रुसलेल्या बापाला पिठलं-भाकरी वाढली, सशाला कोथिंबीर. मग मला म्हणाली, "अवो, उजेड हाय तवर रानात सोडून या की."

रानाच्या कडेला त्याला खाली ठेवला. "जा बाबा." तो गेला, पण उलटा, गावाकडं! (कोथिंबिरीची चटक, दुसरं काय.) मी धोतर सावरत मागं धावलो, चिखलात आपटलो, उठलो, शेवटी उपरणं टाकून त्याला धरला. तेवढ्यात माझ्याच मानगुटीवर हात पडला. गार्ड मष्णू! नुकताच भरती झालेला, मला ओळखत नव्हता.

"ससा मारतोस व्हय रं?"

"अरे, सोडतोय!"

"सोडाय मागं पळत्यात?"

"त्या बंदीचा कागद मीच लिहिलाय!"

"म्हंजी तुला सगळं ठावं हुतं तर!"

भर बाजारातनं वरात निघाली. मी दोरीनं बांधलेला, ससा मष्णूच्या कडेवर. घरासमोर मालू धावत आली. "अगं बाई, लागलं काय?" म्हणत तिनं आधी सशाचे कान चाचपले. मग माझा अवतार बघितला आणि उंबऱ्यावर बसून पदरात तोंड घालून हसत सुटली. नवी नवरी भर रस्त्यात हसतेय, याचंही तिला भान नव्हतं. ते हसू पुन्हा ऐकायला मिळणार असेल, तर मी आजही हात पुढं करीन, बांधा म्हणेन. पण आता ना मालू उरली, ना मष्णू.

कचेरीत रेंजरसाहेबांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मष्णू, दोघांनाही सोड."

मष्णूनं अदबीनं विचारलं, "सायेब, पयला कुणाला?"

"सशाला," साहेब म्हणाले. "कायद्यानं संरक्षण त्यालाच आहे."