मधल्या खोलीतले पाणी

रसायन तयार झाल्यावर जे काही उरेल, त्याने त्या रसायनाची कृती लिहिणाऱ्या केमिस्टच्या घरी राहायला जायचे आणि कृती चालू आहे तोवर तिथून हलायचे नाही, असा खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत नियम होता.

त्यामुळे केमिस्ट शर्वरी डिंगणकरच्या मधल्या खोलीत क्रोमियमचा गाळ राहत असे. स्वभावाने वाईट नव्हता, पण टीव्हीवर बातम्या लागल्या की मोठमोठ्याने मते मांडायचा. शेजारच्या तांडेलांचे हाल विचारू नका. त्यांच्या न्हाणीघरात वापरलेले आम्ल उतरले होते.

शर्वरीला ती खोली नानांसाठी हवी होती. तिचे वडील गावी एकटेच राहत आणि हल्ली गॅस चालू ठेवून झोपू लागले होते. तिच्या जिवाला घोर लागला होता. नाना मात्र हटून बसले होते. "लेकीच्या घरी मुक्काम? मी तुमच्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही."

शर्वरीने कृतीच बदलली. हवेतला प्राणवायू आणि पुन्हा पुन्हा कामाला येणारा उत्प्रेरक वापरला. आता उरणार होते फक्त पाणी. जुनी कृती बंद झाल्यामुळे गाळाची रवानगी, नियमाप्रमाणेच, त्या कृतीला मंजुरी देणाऱ्या संचालकांच्या बंगल्यावर झाली. निघताना त्याला गहिवरून आले. शर्वरीला अजिबात नाही.

पाणी आले ते तांब्यात. शर्वरीने ते नीट तपासले, गाळले, उकळून गार केले आणि तांब्या मुद्दाम दाराशी ठेवला. त्याच दुपारी नाना डोळे दाखवायला शहरात आले होते. लेकीला उभ्या उभ्या भेटायला चढ चढून आल्याने त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"नाना, हे आमच्या घरचं नाही हं. कारखान्याचं आहे."

"मग हरकत नाही," म्हणत नानांनी तांब्या रिकामा केला.

संध्याकाळी तपासनीस कोंडविलकर आले. "पाणी कुठंय?"

शर्वरीने नानांकडे बोट दाखवले. कोंडविलकरांनी नानांना नीट न्याहाळले.

"आजोबा, आता तुम्हाला इथून हलता येणार नाही."

"अहो, माझी एसटी आहे!"

"कृती चालू आहे तोवर नाही."

नाना आयुष्यभर कोर्टात कारकून होते. त्यांनी कोंडविलकरांकडून नियम शब्दशः म्हणवून घेतला, मग पळवाट शोधत त्यातला एकेक शब्द बोटांवर मोजला.

"कृती किती वर्षं चालेल?" त्यांनी विचारले.

"चांगली आहे, नाना. खूप वर्षं चालेल."

नानांनी चपला काढून भिंतीशी लावल्या.

"उशी पातळ दे," ते म्हणाले.