लाल चिठ्ठीचा पतंग बेपत्ता

"माझं नाव ऐकूनच गुन्हेगार अर्धा गुन्हा कबूल करतो," असं हौशी गुप्तहेर दाजी स्वतःबद्दल सांगत. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी मेहुण्याला हाताशी ठेवलं होतं. भिंग पुसणं, वही सांभाळणं आणि मागाहून लोकांची माफी मागणं, ही त्याची कामं.

त्या दुपारी गुन्हा घरातच घडला म्हणायचा. मेहुण्याची थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको, कीटक संग्रहालयात पतंगांची नावं ठरवायची. तिच्या पेटीतून लाल चिठ्ठीचा पतंग नाहीसा झाला होता.

"चार वाजता परीक्षक येतायत," ताई म्हणाली. "लाल चिठ्ठी म्हणजे त्याच्या सगळ्या जातभाईंचं नाव या एकावरून ठरलंय. तोच दाखवता आला नाही, तर माझी सहा वर्षांची मेहनत पाण्यात!"

दाजींनी पेटीला भिंग लावलं. "उडाला."

"मरून चाळीस वर्षं झालीत त्याला," मेहुणा म्हणाला. "शिवाय टाचणी टोचलेली."

"टाचणीसकट उडाला? जिद्दी दिसतो!"

पतंग दिव्याकडे जातो, म्हणून दाजींनी टेबलावरच्या दिव्याला अकरा फेऱ्या मारल्या आणि बाराव्या फेरीत डोकं आपटून घेतलं. मग नाक वर करून म्हणाले, "पेटीत डांबरगोळ्या! हा वास ज्याच्या अंगाला, तो चोर." वास घेत घेत ते खोलीभर फिरले आणि अखेर स्वतःच्या स्वेटरपाशी थांबले.

"मी नाही," त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. "मी मला लहानपणापासून ओळखतो."

मेहुण्याने तेही वहीत लिहिलं. चाराला दहा मिनिटं कमी होती. ताई घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघायला लागली, तशी त्याची पेन्सिल थांबली.

पेट्या पुसणाऱ्या मावशी इतका वेळ फडकं घेऊन खोळंबल्या होत्या. "ताई, शुक्रवारी ज्याच्या पंखांच्या शिरा मोजत होतात, तोच ना? 'हा या घराण्यातला नव्हेच' म्हणालात आणि तुम्हीच त्याला सतरा नंबरात नेलात की!"

सतरा नंबरची पेटी उघडली. लाल चिठ्ठी लावून पतंग निवांत बसला होता.

"अगं बाई!" ताईने कपाळावर हात मारला. "पतंगाच्या नावात आधी घराणं, मग त्याचं स्वतःचं नाव. घराणं बदललं की पेटीही बदलते. मीच बदलली, आणि सवयीने हात गेला जुन्याच पेटीकडे!"

"नाव बदलून राहत होता!" दाजी ओरडले. "अट्टल गुन्हेगार!"

परीक्षकांनी पतंग पाहिला, शिरा मोजल्या, मान डोलावली. ताईने पेटीच्या नोंदीत लिहिलं, 'शोधून दिला : मावशी.'

"अगं, मग माझी नोंद?" दाजी कुरकुरले.

कुठल्याही कीटकाच्या चिठ्ठीवर तो कुठे सापडला हे लिहावंच लागतं. ताईने एक कोरी चिठ्ठी घेतली, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि टाचणीने दाजींच्या स्वेटरवर लावली. मेहुण्याने वाकून भिंगातून वाचलं :

'दिव्याभोवती घिरट्या घालताना आढळला.'