जावई चालू ठेवायचा की बंद?

आपल्यासारखा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. वडिलांच्या आजारपणात बायको माहेरी राहायला आली, तेव्हा पाठोपाठ तोही बॅग भरून आला. "बाबांना आधार होईल!" तीन आठवडे आधार दिला तो सोफ्याने, आणि तोही यालाच.

तो आला त्याच आठवड्यात बाबांची नवी गोळी सुरू झाली. पोटातल्या गाठीपुढे जुनी औषधं हरली होती. ही गोळी अजून चाचणीतली, माणसांना पहिल्यांदाच देऊन पाहत होते. तिला नाव नव्हतं, नुसता लांबलचक नंबर. तो काही पाठ होईना, म्हणून सिस्टरशी बोलताना बाबांनी तिचं नाव ठेवलं 'जावई'.

"नवा आहे, गुण माहीत नाहीत, आणि त्याच्यासाठी दोन तास उपाशी थांबावं लागतं!"

घरात मात्र बाबांनी हे नाव कोणाला सांगितलं नाही. अस्सल जावई सोफ्यावरच होता ना!

मंगळवारी सकाळी हा अस्सल जावई पाण्याचा पेला घेऊन बाबांच्या खोलीबाहेर थबकला. आत बाबा फोनवर होते.

"नाही सिस्टर, जावयाचा काही उपयोग दिसत नाही. आल्यापासून नुसती मळमळ! अंगावर पुरळही उठलंय... शुक्रवारी ठरवणार? चालू ठेवायचा की बंद?... आणि बंद केला तर दुसरा नाही ना मिळणार? हो, हा शेवटचाच."

पेला तिरका होऊन पाणी पायावर सांडलं. तोंडावर 'अहो, या, बसा' करणारे सासरे पाठीमागे एकेरीवर आले होते! आणि एखाद्याला एखादा आवडत नाही, हे समजू शकतं. पण पुरळ?

त्या दिवसापासून त्याने भांडी घासली, फरशी पुसली. बाबांची चादर दिवसातून चारदा बदलली, एकदा तर बाबा तिच्यावर झोपलेले असताना!

"काय रे, ताप आहे का तुला?" बायकोने विचारलं.

बाबांना मळमळू नये म्हणून तो त्यांच्या खोलीत पाठमोरा शिरू लागला.

"हे काय हो नवीन?"

"तुम्हाला त्रास नको," तो भिंतीला म्हणाला.

शुक्रवारी तो हट्टाने दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी फाइल उघडली. "काका, मला वाटतं आपण आता थांबवावं..."

"थांबवू नका!" तो इतक्या जोरात उठला की खुर्ची आडवी झाली. "आणखी एक संधी द्या! तीन आठवड्यांत काय कळणार? सुरुवातीला त्रास होतोच! सुधारेल, मी लिहून देतो!"

डॉक्टरांनी स्वतः उठून खुर्ची सरळ केली. "दिली असती हो. पण गाठ वाढलीय. गोळीचा त्रास तेवढा होतोय, गुण नाही. आता आमच्याकडे दुसरं काही नाही. दुखू नये, एवढं बघू."

सिस्टरने हात पुढे केला. बाबांनी उरलेल्या गोळ्यांची बाटली तिच्या हातावर ठेवली. "घ्या. गेला आमचा जावई."

तो बाटलीकडे बघतच राहिला.

बाहेर बाकावर बसताना बाबांनी त्याचा हात धरला. "माझ्यासाठी डॉक्टरांशी एवढं कोणी भांडलं नव्हतं हो." मग हळूच म्हणाले, "परत एकदा विचारून बघता का? तुमचं ऐकतील कदाचित."

तो आत गेला. दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात भांडू लागला. थोड्या वेळाने सिस्टर आली.

"जरा हळू. काकांना केव्हाच झोप लागलीय, घोरताहेत."

तरी त्याने आणखी पाच मिनिटं भांडून घेतलं.