शेवटच्या ओळीपर्यंत

सकाळपासून आलेल्या तिसऱ्या गिऱ्हाइकानेही तक्त्यावरची शेवटची ओळ खाडखाड वाचून दाखवली, तेव्हा चष्मेवाला वळून तक्त्याकडे बघायला लागला.

पहिली होती वाचनालयातली बाई. तिच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाइतकी जाड, पण आज ती नंबर निम्मा झाला म्हणून हसत हसत गेली. दुसरा नळदुरुस्तीवाला. तो तर चष्मा काढूनच वाचायला लागला आणि थांबेचना. तिसरे गणिताचे निवृत्त मास्तर. समोरून स्वतःची बायको आली तरी हे नमस्कार करून पुढे जायचे. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं न अडखळता वाचली आणि जुना चष्मा टेबलावर ठेवला.

"हा राहू दे तुमच्याकडे. कुणा गरजूला द्या."

"मास्तर, पुन्हा एकदा वाचता का?"

"का? चुकलं काही?"

"नाही, चुकलं नाही. तेच तर."

मास्तर खुशीत उठले आणि बाहेर पडताना दारापाशी लावलेल्या आरशाला "या, तुम्ही आधी या" म्हणून थांबले. आरसा काही येईना, तेव्हा जरा रागावूनच गेले.

चष्मेवाल्याने पट्टी घेतली, तक्ता दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेला आणि अक्षर मोजलं. मग दुसरं मोजलं. प्रत्येक अक्षर होतं त्याच्या दुप्पट झालं होतं. तो मटकन खुर्चीत बसला. हे कशाने झालं याचा शोध घ्यायची काही गरज नव्हती, कारण काल दुपारी त्यानेच ते केलं होतं.

त्याचं असं होतं की या माणसाला एक खोड होती. कुणाला पत्त्यांची असते, कुणाला तपकिरीची. याला होती कॉम्प्युटरची सिस्टिम सतत बदलत राहायची. जगात लिनक्स नावाचा एक फुकट आणि खुला प्रकार आहे, त्याच्या नाना तऱ्हा आहेत, आणि आमचीच तऱ्हा सगळ्यात भारी म्हणून लोक इंटरनेटवर एकमेकांची उणीदुणी काढत असतात. चष्मेवाला ती भांडणं मन लावून वाचायचा आणि जो शेवटी बोलला असेल त्याचं ऐकायचा. नवी सिस्टिम बसवली की घरभर सांगत फिरायचा, "बास. आता मरेपर्यंत हीच." आठवडा उलटायच्या आत दुसरीची चित्रं बघत बसलेला सापडायचा. सुरळीत चाललेलं काही त्याला बघवतच नसे. या नादात घरच्या लॅपटॉपचं त्याने पार वाटोळं केलं होतं. कधी आवाज जायचा, कधी प्रिंटर रुसायचा, आणि एकदा तर लेकीच्या बारशापासूनचे सगळे फोटो गेले. त्या दिवशी बायकोने त्याला समोर बसवून घेतलं.

"घरचा कॉम्प्युटर गेला खड्ड्यात," ती म्हणाली होती. "पण दुकानातल्याला हात लावायचा नाही. माझ्या बाबांनी हाडाची काडं करून हे दुकान उभं केलंय. घे माझ्या गळ्याची शपथ."

त्याने घेतली. अगदी मनापासून घेतली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण काल दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं, बायको घरी होती, आणि एका नव्या तऱ्हेबद्दल कुणीतरी लिहिलं होतं की हिच्यात अक्षरं फार सुंदर दिसतात. हात शिवशिवले. चहा येऊन गार होईपर्यंत सगळं उरकलं. दिसलीही सुंदर अक्षरं. एवढी मोठी झाल्यावर दिसणारच की.

आता आधी आकार ठीक करायचा, मग तिघांनाही फोन करून काहीतरी थाप मारायची आणि परत बोलवायचं, असं ठरवून त्याने माउस हातात घेतला, तोच दार उघडलं. बायको आत आली. तिच्या मागून दाराची चौकट चाचपत सासरे आले.

"हातातलं ठेव आणि आधी यांचे डोळे बघ," बायको म्हणाली. "परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि आज म्हणतायत जात नाही."

"नाही कुठे म्हणालो?" सासरे बाकावर टेकत म्हणाले. "दिसतंय म्हणालो. डॉक्टर परका माणूस, त्याचं मी ऐकत नाही. जावईबापूंनी तपासावं. खालच्या ओळी वाचता आल्या नाहीत तर निमूट जातो. आल्या, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"बाबा, डॉक्टर म्हणालेत अजून लांबवलं तर पुढे अवघड होईल."

"मग वाचता येणार नाहीत. घाबरतेस कशाला?"

बायकोने वर्षभर यांची मनधरणी केली होती. कधी रडून, कधी अबोला धरून. शेवटी तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "ठीक आहे. तू तपास."

"आज नको," चष्मेवाला म्हणाला. "मशीन जरा..."

"काय झालं मशीनला?"

तिने हे अगदी हळू विचारलं. फोटो गेले त्या दिवशीही तिने असंच हळू विचारलं होतं. चष्मेवाल्याने माउस सोडून दिला.

"काही नाही," तो म्हणाला. "बसा बाबा."

सासरे खुर्चीत बसले, मान ताठ केली आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाले. चष्मेवाला प्रत्येक अक्षरागणिक खाली खाली बघत गेला. शेवटची ओळ झाली तेव्हा तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"झालं समाधान?" सासऱ्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी खिशातून फोन काढून तो लेकीपुढे धरला. "लाव इस्पितळात. सांग त्यांना, दुसरा कुणीतरी शोधा. आणि स्कूटरची किल्ली कुठे लपवलीस ती दे. उद्यापासून नातीला शाळेतून मीच आणणार."

"स्कूटरवरून?" चष्मेवाल्याच्या तोंडून गेलं.

"मग काय खांद्यावरून?"

बायकोने फोन हातात घेतला. पण लावण्याआधी ती वडिलांच्या खुर्चीपाशी वाकली. "बाबा, रागावू नका. मी उगाच तुमच्या मागे लागले. मला वाटलं तुम्ही भीतीपोटी खोटं बोलताय."

तिचे डोळे भरून आले होते. चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बोललं नाही तर आपल्यासारखा नीच कुणी नाही, असं त्याला वाटलं आणि तो बोललाही, पण तोंडातून निम्मंच बाहेर आलं.

"एक मिनिट. फोन नको लावूस. एकदा परत तपासू या. असंच, खात्रीसाठी."

"परत?" सासरे म्हणाले. "तपासा की. दहादा तपासा."

चष्मेवाला पडद्यासमोर उभा राहून, दोघांना दिसणार नाही अशा बेताने कॉम्प्युटरशी झटू लागला. आकार कमी करायचं बटण जुन्या सिस्टिममध्ये जिथे असायचं तिथे नव्हतं. दुसरीकडे होतं. ते दाबलं, तशी पाटी आली: बदल करायचे का? हो म्हटलं. खरंच करायचे का? हो म्हटलं. मग ती नवी सुंदर सिस्टिम क्षणभर थबकली, आणि सगळा तक्ता नाहीसा होऊन पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत एवढंच उरलं:

'अरेरे. काहीतरी बिघडलं आहे. कृपया जाणकार व्यक्तीशी संपर्क साधा.'

चष्मेवाल्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. संपलं सगळं. आता बायको वाचणार, विचारणार, आणि आपण काय सांगणार? तो पडद्यासमोरून बाजूला झाला. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"करू का सुरुवात?" सासऱ्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता मान ताठ करून म्हणाले, "प. दुसरी ओळ, ग, ठ. तिसरी, म, र, क..."

सासरे एका लयीत पुढे चालले होते. चौथी ओळ झाली, पाचवी झाली. पुठ्ठ्याचा तक्ता जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा चष्मेवाल्याने अक्षरं जुनीच ठेवली होती, आणि ही अक्षरं सासऱ्यांनी उभ्या जन्मात रोज हजारदा गिऱ्हाइकांकडून ऐकली होती. हे दुकानात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सासऱ्यांच्या मात्र आलं होतं.

"...न, च, ल, ट. संपलं." त्यांनी मांडीवर थाप मारली. "लाव गं फोन."

"बाबा," बायको म्हणाली, "तिथे काय लिहिलंय?"

"सांगितलं की आत्ता."

"तिथे लिहिलंय, काहीतरी बिघडलंय."

सासऱ्यांनी डोळे बारीक केले, पुढे झुकले, आणखी झुकले. मग हळूहळू मागे टेकले. त्यांनी कपाळ पुसलं.

"सुरी लावतात गं डोळ्याला," शेवटी ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी नुसता विचार केला तरी माझे पाय गळतात."

"मी हात धरून बसेन ना बाहेर."

"बाहेर बसून हात कसा धरशील?"

ती हसली, रडली, आणि त्यांनी परवा जायचं कबूल केलं. त्यांना बाकावर नेऊन बसवल्यावर ती चष्मेवाल्याकडे वळली. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी लग्नानंतर तिने फारशी वापरली नव्हती.

"तुला आधीच संशय आला होता ना? म्हणून मशीनचं निमित्त काढत होतास. आणि मुद्दाम तक्ता घालवून ही पाटी लावलीस."

चष्मेवाल्याने मास्तरांचा जुना चष्मा उचलून पुसायला घेतला.

"माझ्या डोक्यातसुद्धा आलं नसतं," ती म्हणाली. "आणि मी तुला कॉम्प्युटरवरून काय काय बोलले. ती शपथ मी मागे घेते. आजपासून तुला जे करायचं ते कर. मला काही विचारू नकोस."

झालं की. आता गप्प बसायचं, एवढंच काम होतं. सासऱ्यांचं ऑपरेशन पक्कं, बायको खूश, शपथ माफ. आयुष्यभर मनसोक्त सिस्टिमी बदलाव्यात, कुणी हू की चू करणार नाही. चष्मेवाल्याने तिच्याकडे पाहिलं. ती अजून तशाच नजरेने बघत होती. त्याला ती नजर सोसवेना. तो भडाभडा बोलायला लागला. काल दुपार सांगितली, दुप्पट अक्षरं सांगितली, वाचनालयातली बाई, नळदुरुस्तीवाला, मास्तर, सगळं सांगितलं. ही पाटी आपण लावली नाही, ती आपोआप आली, आणि आता ती घालवायची कशी हे आपल्याला ठाऊक नाही, हेही सांगून टाकलं.

बायको ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिघांचे फोन नंबर दे," ती म्हणाली. "मास्तरांना आधी गाठते, ते रस्त्यावर असतील." आणि फोन कानाला लावून ती बाहेर गेली.

दुकानात दोघेच उरले. चष्मेवाल्याला कुठे बघावं कळेना.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "निभावलं होतं की तुमचं."

"हो ना," चष्मेवाला म्हणाला.

सासरे बाकावर जरा सरकले आणि त्यांनी शेजारी त्याला जागा करून दिली.